कॉन्स्टान्शियाच्या आज्या

आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांची मांडणी साधारण ठरलेली असते. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मग मूळपुरुष, आणि त्याच्याखाली मुलगे, नातू, पणतू अशी पिढ्यांची उतरंड. घरात आलेल्या सुनेचं सासरचं नाव, माहेरचं आडनाव, जमलंच तर माहेरचं गाव, एवढ्यात तिचा सारा मजकूर उरकतो. जुन्या पिढ्यांत तेवढंही सापडत नाही. असे ग्रंथ मी आवडीने वाचतो, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या वंशावळींकडे वळलो तेव्हा ते जग मला परकं वाटलं नाही. तिथेही मूळपुरुष होताच. तो एखाद्या जहाजातून उतरलेला असायचा, आणि त्याच्यापासून खाली सगळं पसरत जायचं.

या वंशावळींचं पायाभूत काम सी. सी. डिव्हिलियर्स नावाच्या माणसाने केलं. हे आडनाव आपल्याला क्रिकेटमुळे तोंडपाठ आहे. १६८९ मध्ये धर्मच्छळाला कंटाळून फ्रान्स सोडलेले तीन भाऊ केपला उतरले, त्यांचा हा वंश. डिव्हिलियर्सने चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदवह्या चाळून केपच्या जुन्या घराण्यांची माहिती एकत्र केली. काम छापलेलं पाहायला तो उरला नाही. १८८७ मध्ये वारला. इतिहासकार थील यांनी ते हाती घेऊन १८९३ पासून तीन खंडांत बाहेर आणलं. पुढे १९६६ मध्ये पामा यांनी त्याची नवी आवृत्ती केली. त्यांची खूण घालण्याची रीत आजही तिथले हौशी संशोधक वापरतात: मूळपुरुष म्हणजे ‘ए’, त्याची मुलं ‘बी’ एक, ‘बी’ दोन, नातवंडं ‘सी’. अशा खुणांची माळ वाचली की एखादा माणूस कितव्या पिढीतल्या कितव्या मुलाचा मुलगा, ते क्षणात कळतं.

पण ही माळ बापाकडूनच ओवलेली. आईच्या बाजूने वर चढायचं तर दर पिढीला दुसऱ्याच घराण्याच्या पानावर जावं लागतं. अशी उडी मारत मारत गेलं, की केपच्या कितीतरी नामांकित घराण्यांत एका टप्प्यावर पाऊल थेट आपल्या किनाऱ्यांवर येऊन पडतं.

मुळात केप वसलं तेच हिंदुस्थानच्या वाटेवर. ६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रीबेक टेबल बेमध्ये उतरला तो वसाहत करायला नव्हे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना पूर्वेला जाता-येता ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावं, आजारी खलाशांना टेकायला जागा व्हावी, एवढाच कंपनीचा हेतू होता. खोईखोई लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारत होते. त्यांना कोणी विचारलं नाही. पाच वर्षांनी, १६५७ मध्ये, कंपनीने आपल्या नऊ नोकरांना चाकरीतून मोकळं करून लिस्बेक नदीकाठी जमिनी दिल्या. आफ्रिकानेर म्हणवणारा समाज आपलं शेतकरीपण तिथपासून मोजतो.

डच वसाहत म्हटलं तरी उतरलेले सगळे डच नव्हते. कंपनीत भरती होणाऱ्यांत जर्मन प्रांतांतली गरीब पोरं ढिगाने असत. मॉर्केल घराण्याचा मूळपुरुष हॅम्बर्गचा, राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर यांचाही जर्मन मुलखातला. या माणसांचा माग काढणं तुलनेने सोपं, कारण कंपनीला हिशेबाचा भारी सोस. अठराव्या शतकात निघालेल्या जवळपास प्रत्येक जहाजाची पगारवही ठेवलेली आहे आणि तीत माणसागणिक एक खातं आहे: नाव, जन्मगाव, हुद्दा, दरमहा पगार, निघताना घेतलेली उचल, मागे राहिलेल्या बायकोला किंवा आईला किती महिन्यांचा पगार पोचवायचा, आणि शेवटी माणूस कुठे गेला किंवा मेला. या वह्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची आता घरबसल्या पाहता येते. तीनशे वर्षांपूर्वी घर सोडलेल्या पोराने आईच्या नावे पगारातले पैसे लावून ठेवलेले दिसले, की नवव्या-दहाव्या पिढीतल्या वारसाला कोण आनंद होत असेल, याची मला पुरती कल्पना येते.

त्याच पोराच्या बायकोचा शोध घेताना मात्र दुसऱ्या वह्या उघडाव्या लागतात. सुरुवातीच्या केपमध्ये युरोपीय बायका फारच थोड्या. वसाहत उभी राहिली ती गुलामांच्या श्रमावर, आणि हे गुलाम जहाजांनी आणलेले: मादागास्करचे, आफ्रिकेच्या किनाऱ्यांचे, जावा-सेलेबीस बेटांचे, आणि बंगाल, कोरोमंडल, मलबारचे. १६५२ पासून १८०७ पर्यंत सुमारे ६३,००० माणसं अशी आणली गेली. त्यांतला अंदाजे चौथा हिस्सा हिंदुस्थानातला. बंगालच्या नदीमुखांशी आराकानी आणि पोर्तुगीज टोळ्या गावंच्या गावं लुटून माणसं धरून नेत. कोरोमंडलवर दुष्काळ पडला की आईबाप पोटासाठी पोरं विकत आणि डच वखारी ती घेत. विकलेल्या मुलीचं घरचं नाव त्याच क्षणी संपे. पुढे ती कोणी कातरिना, कोणी मारिया, कोणी दियाना. आणि पाठीमागे लावलेला मुलूख, बंगालची, मलबारची, किनाऱ्यावरची. गाव नाही, बापाचं नाव नाही. पगारवहीत खलाशाचं जन्मगाव न विसरता लिहिणाऱ्या कारकुनाला तिला तिचं गाव विचारावंसं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

अशांतली एक आन्सेला. १६५७ मध्ये बंगालमधली ही तरुण बाई नवरा आणि मुलांसह केपला आणली गेली आणि खुद्द फान रीबेकच्या घरी विकली गेली. तो १६६२ मध्ये केप सोडून गेला तेव्हा ती त्याचा दुय्यम अधिकारी गाबेमाच्या घरी गेली. १६६६ मध्ये गाबेमाने तिला मुक्त केलं. वर्षभरात तिला वस्तीतल्या मुख्य रस्त्यालगत एक लहानसा तुकडा मिळाला, नंतर तिने बाप्तिस्मा घेतला, आणि १६६९ मध्ये आर्नोल्डुस बासोन नावाच्या मुक्त वसाहतवाल्याशी चर्चमध्ये लग्न लावलं. त्यांना बरीच मुलं झाली. बासोन आडनावाची माणसं दक्षिण आफ्रिकेत आजही आहेत, आणि ‘ए’ या खुणेपाशी आर्नोल्डुस असला तरी त्यांचं घर उभं केलं ते आन्सेलाने, हे कागदच सांगतात. नवरा गेल्यावर मळा, गुरं, देणीघेणी सगळं तिनेच पाहिलं. १७२० मध्ये ती वारली तेव्हा तिच्या मालमत्तेची किंमत चौदा हजार गिल्डरच्या वर भरली. नऊ वर्षांच्या गुलामीत दोनदा हात बदललेल्या बाईची ही शेवटची नोंद.

हे कागद टिकले ते अनाथ मंडळामुळे. केपमध्ये १६७३ पासून असं एक कार्यालय होतं. आईबापांमागे अज्ञान मुलं राहिली की त्यांचा वारसा कोणी लुबाडू नये म्हणून मंडळाची माणसं घरी जात आणि दाराशी उभं राहून खोलीगणिक यादी करत. डाव्या हाताच्या खोलीत एक पलंग, एक आरसा, इतक्या खुर्च्या. स्वयंपाकघरात तांब्याच्या किटल्या. तळघरात दारूची पिंपं. मग बैल, नांगर, आणि त्याच ओघात गुलाम, नावानिशी, किमतीनिशी. वंशावळी शोधणाऱ्यांना या याद्या फार मोलाच्या, कारण त्यांच्या आरंभी वारसांची नावं आणि वयं असतात; अनौरस म्हणून चर्चच्या वहीत नीट न लागलेलं मूल इथे हिश्शासह उभं राहतं. केप टाउनच्या रुलंड स्ट्रीटवर, जिथे पूर्वी तुरुंग होता, तिथल्या अभिलेखागारात त्या आहेत. मी त्यांची छापील रूपं वाचली. मांडणी साधी, भाषा कोरडी, आणि तरी बैलांच्या ओळीनंतर ‘बंगालचा’ अमुक, ‘मलबारची’ तमुक असं आलं की पुढचं पान उलटवत नाही.

आन्सेलाच्या वारसांतही असे गुलाम वाटले गेले. मुक्त झालेल्या बाईने माणसं विकत घ्यावीत, हे पचायला जड आहे. तिची बाजू घ्यावी असा मोह होतो, पण घेऊ नये. केपमध्ये वर चढायची एकच शिडी होती आणि तिची प्रत्येक पायरी दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर ठेवलेली होती. आन्सेला ती शिडी चढली, तिची मुलगी आणखी वर गेली.

या मुलीचं नाव आना द कोनिंग. आन्सेला गुलाम असतानाच ती जन्मली, द कोनिंग आडनावाच्या एका कंपनीच्या माणसापासून. १६७८ मध्ये तिचं लग्न ओलोफ बेर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याशी झालं. बेर्ग पुढे कॅप्टन झाला, श्रीमंत झाला आणि त्याने कॉन्स्टान्शिया विकत घेतलं. केपच्या गोड दारूने पुढे युरोपच्या राजवाड्यांत नाव काढलं, ती याच मळ्यावरची. बेर्ग वारल्यावर आना तिथली मालकीण म्हणून राहिली. एका जुन्या तैलचित्रातली नटलेली, गडद डोळ्यांची बाई तीच, असं मानतात. गुलामीत जन्मलेल्या बाईचं त्या काळच्या केपमधलं असं दुसरं चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

मला या घरापाशी थोडं थांबायचं आहे, कारण त्याचं आपल्याशी नातं आनाच्याही आधीचं आहे. कॉन्स्टान्शिया वसवलं सायमन फान डर स्टेल याने. १६७९ मध्ये तो केपचा प्रमुख होऊन आला, पुढे पहिला गव्हर्नर झाला. स्टेलनबोश हे गाव त्याच्या नावाचं, सायमन्स टाउनही त्याचंच. शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यांनी त्याला डच वसाहतीचा कर्ता पुरुष म्हणून ओळखलं. त्याचा जन्म १६३९ मध्ये मॉरिशसचा. बाप आड्रियान कंपनीचा अधिकारी, पुढे सिलोनमध्ये मारला गेला. आई मारिया लीव्हेन्स. आणि या मारियाची आई म्हणून वंशावळकार जिचं नाव देतात ती मोनिका: गोव्याच्या किनाऱ्यावरची, गुलामीतून सुटलेली. म्हणजे केपच्या पहिल्या गव्हर्नरची आजी कोकणपट्टीतली. कुठल्या गावची, कुठल्या जातीची, तिला कोणी धरून नेलं, पोर्तुगीजांनी विकलं की डचांनी जहाजावरून उचललं, काही लिहिलेलं नाही. त्या दशकांत डच आरमार गोव्याची नाकेबंदी करत होतं आणि १६३७ पासून वेंगुर्ल्याला आदिलशाही मुलखात त्यांची वखार होती. तिथून जहाजांना रसद मिळे. त्या वखारीच्या भिंती वेंगुर्ल्यात आजही उभ्या आहेत.

सायमनला कॉन्स्टान्शियाची जमीन दिली ती १६८५ मध्ये केपला तपासणीसाठी आलेल्या हेंड्रिक आड्रियान फान रेडे याने. हे नाव आपल्याकडच्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. कोचीला असताना मलबारच्या झाडापाल्याचा ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने करवला. त्याला मदत केलेल्यांत इट्टी अच्युतनसारखे मल्याळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे कोंकणी बोलणारे ब्राह्मणही होते. या तिघांनी नागरी लिपीत कोंकणीतून लिहून दिलेलं प्रमाणपत्र १६७८ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलेलं आहे. हिंदुस्थानी विद्वानांचं ऋण इतक्या उघडपणे मान्य करणारा त्या शतकातला दुसरा युरोपीय अधिकारी शोधून काढणं कठीण जाईल.

आणि याच माणसाने त्याच १६८५ साली केपमध्ये हुकूम काढला की युरोपीय माणसाने पूर्ण गुलाम रक्ताच्या बाईशी लग्न करू नये; जिचा बाप युरोपीय आहे तिच्याशी केलेलं चालेल. कंपनीच्या गुलामखान्यात डच बापांची मुलं पाहून त्याने त्यांना शिकवावं आणि ठराविक वयानंतर मुक्त करावं असंही सांगितलं. माणूस दुष्ट नव्हता. कोचीच्या वैद्यांची नावं त्यांच्याच अक्षरांत छापून घेणाऱ्याने त्याच किनाऱ्यावरच्या बायकांना लग्नाच्या वहीतून बाहेर काढलं, आणि ज्याच्या आजीला या हुकुमाने लग्न करता आलं नसतं त्याला उत्तम जमीन बहाल केली. या तिन्ही गोष्टी त्याच्या हातून घडल्या. ज्ञान घ्यायला हरकत नाही पण रक्त नको, ही पुढच्या तीनशे वर्षांची रीत मला इथे जन्मताना दिसते. फान रेडे १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला. सुरतेला त्याची भव्य कबर आहे.

हुकूम निघाले तरी संसार व्हायचे थांबले नाहीत. कोरोमंडलवरच्या पुलिकतहून जावातल्या बाताव्हियाला नेलेल्या कातरिना नावाच्या एका गुलाम बाईला खुनाच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा सुनावली होती. ती रद्द होऊन १६५७ मध्ये तिला केपला हद्दपार केलं. ती कमांडरांच्या घरची धुणावळ झाली. एका जर्मन शिपायापासून तिला क्रिस्टोफेल नावाचा मुलगा झाला. या क्रिस्टोफेल स्नेमानने ह्युगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, घराण्यातल्या मुलीशी, मार्गरित द साव्हॉयशी लग्न केलं. आजचे असंख्य स्नेमान त्यांचे वंशज. माजी राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डि क्लर्क यांच्या वंशावळीतही बंगालची दियाना आहे.

खोई लोकांची क्रोटोआ, जिला डच एफा म्हणत, तिची कथा सर्वांत जुनी. फान रीबेकच्या घरात लहानपण गेलेली ही दुभाषी मुलगी १६६४ मध्ये पीटर फान मेरहॉफ या शस्त्रवैद्याची बायको झाली. तो मादागास्करला मारला गेल्यावर तिची फार परवड झाली आणि १६७४ मध्ये ती गेली. तिच्या मुलीकडून झालेला साइमान वंश आज तिचं नाव अभिमानाने घेतो.

वंशावळ म्हणजे केवळ अभिमानाची बाब, असं मानणाऱ्यांना जेफ्री डीन या डॉक्टरचं काम दाखवावंसं वाटतं. गेल्या शतकाच्या मध्यावर पोर्ट एलिझाबेथला काम करताना त्याला दिसलं की काही रुग्ण गुंगीचं साधं औषध दिल्यावर लुळे पडतात, मरतात. त्यांच्या हातांची कातडीही जरा घासली की सोलवटायची. आजार पोर्फिरियाचा होता. डीन रुग्णांना आजोबा-आजीची नावं विचारत सुटला, शेतांवर गेला, चर्चच्या वह्या चाळल्या, आणि ही सारी कुटुंबं मागे नेत नेत एका जोडप्यापाशी आणली: खेरिट यान्स हा एक शेतकरी आणि आरियान्तिये, जी १६८८ मध्ये हॉलंडमधून पाठवलेल्या आठ अनाथ मुलींपैकी एक होती. केपला आल्या वर्षीच त्यांचं लग्न झालं. त्या एका संसारातला दोष हजारो वंशजांत उतरला. कोणाचं आजोळ कुठलं, हे भूल देण्याआधी विचारायची सवय तिथल्या डॉक्टरांना या शोधामुळे लागली.

विसाव्या शतकातल्या त्या देशात आजोळाचा प्रश्न याहून घातक ठरू शकत होता. १९४९ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवर बंदी आली, १९५० मध्ये प्रत्येक नागरिकाची वंशनिहाय नोंदणी सुरू झाली. गोरा ठरलं की गोऱ्यांची वस्ती, शाळा, मतदान. कलर्ड, म्हणजे मिश्रवंशी, ठरलं की ते सगळं गेलं. अशा काळात वंशावळ खोदणं म्हणजे स्वतःच्या घराखालची जमीन खोदणं. म्हणून जे. ए. हेसे यांच्या धैर्याचं मला फार कौतुक वाटतं. १९७१ मध्ये त्यांनी आफ्रिकानेरांच्या उगमावरचं पुस्तक काढलं आणि नोंदींवरून हिशेब मांडला, की या समाजाच्या पूर्वजांतला सुमारे सात टक्के हिस्सा युरोपीय नाही. १९८४ मध्ये एच. एफ. हेसे यांनी १६५२ ते १७९५ मधली मिश्र लग्नं नावानिशी छापली तेव्हा वृत्तपत्रांत खळबळ उडाली, कारण त्यातली आडनावं वर्णभेदाचे कायदे करणाऱ्यांचीही होती. २०२० मध्ये ७७ आफ्रिकानेरांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. युरोपीय नसलेला वाटा सरासरी ४.७ टक्के निघाला. त्यात आफ्रिकाही होती आणि दक्षिण आशियाही.

टक्केवारीने मात्र माझं समाधान होत नाही. सात किंवा पावणेपाच म्हटलं की आन्सेला पुन्हा नावाविना एका आकड्यात मिसळून जाते. त्यापेक्षा तिचा तो रस्त्यालगतचा तुकडा, तिची मुलं, तिच्या मळ्यावरची खुर्च्या-भांड्यांची यादी हे सगळं मला अधिक खरं वाटतं. केप टाउनमध्ये आता अनेक घरांतून लोक आईच्या बाजूने वर चढू लागले आहेत. ज्यांना कायद्याने कलर्ड म्हटलं त्यांना गोऱ्या नातलगांची नावं सापडतात, गोऱ्यांना त्यांची. मालकांनी गुलामांना महिन्यांवरून नावं ठेवली, तीच सप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावं लावणारी माणसं वहीतल्या पहिल्या सप्टेंबरापर्यंत पोचतात.

‘बंगालची’पाशी किंवा ‘गोव्याची’पाशी मात्र सगळ्यांचीच वाट थांबते, आणि तिथून पुढचं काम केपला बसून होण्यासारखं नाही. विक्रीचे कागद, जहाजांच्या याद्या, वखारींचा पत्रव्यवहार हेगमध्ये रचून ठेवलेला आहे. नेदरलँड्सच्या ग्लोबलाइज प्रकल्पात कंपनीच्या कागदांची सुमारे पन्नास लाख पानं यंत्राकडून वाचवून घेतली जात आहेत, म्हणजे सतराव्या शतकातल्या वळणदार डच अक्षरातला मजकूरही आता शब्द टाकून शोधता येतो. त्यांत पुलिकत आहे, हुगळी आहे, कोची आहे, आणि वेंगुर्ल्याच्या वखारीतून बाताव्हियाला गेलेली पत्रंही आहेत. कोकणातली गावं, देसाई, खलाशी, धरलेली आणि सोडलेली माणसं यांचा त्यात उल्लेख आला तर तो कोणाचा, हे डच वाचकाला वळणावरून कळणार नाही. रेडीचं ‘रेडी’ आणि आरवलीचं ‘आरवली’ म्हणून ओळखायला तिथे इकडचा माणूस लागेल. डच शिकलेला एखादा वेंगुर्लेकर किंवा मडगावकर या कामाला बसला, तर मोनिकाचा शोध त्याने १६३७ च्याही आधीच्या कागदांपासून सुरू करावा.